नजरेचे ऐकावे, पण किती?

तुळशीचे लग्न लागले की छत्रपती संभाजीनगरातली सभागृहे रविवारी भरू लागतात. वधू-वर परिचय मेळाव्यांचे हे दिवस. मंचावर एकेक जण येतो, नाव, गाव, शिक्षण, नोकरी, अपेक्षा सांगतो आणि मिनिटभरात खाली उतरतो. समोर बसलेले पालक हातातल्या पुस्तिकेत त्या नावापुढे पेनाने खूण करतात, नाहीतर पान उलटतात. सिडकोतल्या, गारखेड्यातल्या, फुलंब्री-पैठणकडच्या घरांत हेच जरा निवांतपणे घडते. पाहुणे येतात, पोहे-चहा होतो, मुलगी समोर येऊन बसते, चार प्रश्न विचारले जातात. घर जरा पुढारलेले असेल तर दोघांना गच्चीवर पाच मिनिटे बोलायला पाठवतात. निघताना पाहुणे म्हणतात, “घरी जाऊन कळवतो.” पण जे कळवायचे ते बऱ्याचदा मुलगी उंबऱ्याशी दिसली तेव्हाच मनात ठरून गेलेले असते. घरी गेल्यावर होते ती त्या ठरलेल्या गोष्टीसाठी कारणांची जुळवाजुळव.

या पहिल्या नजरेवर किती विसंबायचे, हा प्रश्न आज घराघरात वादाचा झाला आहे. वडीलधारे सांगतात, रूप दोन दिवसांचे. माणूस बघावा, घराणे बघावे. मुले-मुली सांगतात, सगळे ठीक आहे, पण आतून काही वाटले नाही. एकमेकांचे म्हणणे दोघांनाही पोरकट नाहीतर जुनाट वाटते. आमच्या मते दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि दोघांचीही एकेक बाजू झाकलेली आहे. प्रश्न लग्नापुरताही नाही. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यातली मुलाखत, भाड्याने खोली देणारा घरमालक, वर्गात नव्याने आलेले शिक्षक, मंचावरचा नेता, सगळीकडे आपण असेच क्षणात माणूस ठरवून मोकळे होतो. पण ज्या निर्णयावर दोन आयुष्ये आणि दोन घरे उभी राहतात, तिथे ही सवय नीट तपासून घ्यायला हवी.

आधी नजरेची बाजू. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याच्याविषयी मनात काहीच हलत नसेल, तर पगार, पत्रिका आणि एकर यांची बेरीज किती वेळ पुरेल? “दिसण्यात काय आहे” हे वाक्य ऐकायला उदात्त वाटते. पण ते कोणाला ऐकवले जाते ते पाहावे. बहुतेक वेळा ते मुलीला ऐकवतात. मुलाने नकार दिला तर “त्याला पसंत नाही” एवढे पुरते. मुलीने दिला तर तिला कारण विचारतात, आणि तिच्यापाशी सांगण्यासारखे कारण नसले की तिचा नकार हट्ट ठरतो. मामाकडचे स्थळ असेल तर नात्याचे ओझे वर. अशा वेळी तिच्या आतल्या नाखुशीला किंमत देणे म्हणजे तिला माणूस म्हणून किंमत देणे होय. ओढ वाटणे किंवा न वाटणे ही लाजण्याची गोष्ट नाही.

शिवाय नजर अगदीच आंधळी नसते. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हार्वर्डमधल्या शिक्षकांच्या शिकवण्याच्या दहा-दहा सेकंदांच्या तीन चित्रफिती, त्याही आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवल्या. त्या तीस सेकंदांवरून त्यांनी दिलेले गुण आणि सत्रभर त्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटी दिलेले गुण बऱ्याच अंशी जुळले. माणसाच्या हालचालीत, हसण्यात, मान डोलावण्यात खरोखरच काहीतरी सांगितलेले असते आणि आपल्याला ते वाचता येते. आपल्या आज्या दारातून आत येणाऱ्या पाहुण्याची चपला काढण्याची पद्धत पाहून अंदाज बांधत. त्यात सारेच खुळेपण नव्हते.

मात्र त्या अभ्यासातून काय दिसले तेही नीट पाहावे. उत्साह, मोकळेपणा, आपुलकी या वरवर उमटणाऱ्या गोष्टी आहेत, म्हणून त्या तीस सेकंदांत दिसल्या. राग आल्यावर हा माणूस काय करतो, आजारपणात उशाशी बसतो का, दारूला ‘नाही’ म्हणू शकतो का, बायकोचा पगार कोणाचा मानतो, हे चेहऱ्यावर उमटत नाही. आणि लग्नानंतर गरज पडते ती नेमकी याच माहितीची.

नजरेची खरी अडचण तिच्या घाईत नाही, तिच्या आत्मविश्वासात आहे. प्रिन्स्टन विद्यापीठात जनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी २००६ मध्ये दाखवले, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग इतकाच वेळ दिसला तरी हा विश्वासू आहे की नाही, हे लोक ठरवून टाकतात. त्याहून जास्त वेळ तोच चेहरा दाखवला, तर मत फारसे बदलत नाही. बदलते ती मतावरची खात्री. पाहुण्यांच्या अर्ध्या तासात असेच घडत असणार. पहिल्या क्षणी बांधलेले मत उरलेल्या वेळात पक्के होत जाते आणि आपल्याला वाटते, आपण विचार करतो आहोत.

त्यातच एका गुणाचा उजेड बाकी सगळ्यांवर पडतो. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य या सगळ्या वेगवेगळ्या बाबी. पण एकीत ज्याला जास्त गुण, त्याला सगळ्यांतच जास्त. याला ‘हेलो इफेक्ट’, म्हणजे तेजोवलयाचा परिणाम, म्हणतात. आपल्याकडे देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते, तशीच ही. १९७२ मध्ये कॅरेन डायन, एलन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर यांनी विद्यार्थ्यांना फक्त छायाचित्रे दाखवून अंदाज विचारले. देखण्या चेहऱ्यांच्या वाट्याला चांगला स्वभाव, चांगली नोकरी आणि सुखी संसारही आला. छायाचित्रात यातले काहीच नव्हते.

आपल्याकडे ही प्रभावळ रंगाची आहे. लग्नाच्या जाहिरातीतला ‘गोरी’ हा शब्द आता बराच मागे पडला आहे. २०२० मध्ये एका मोठ्या विवाह संकेतस्थळाला त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढावी लागली. त्याच वर्षी हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ बदलून ‘ग्लो’ केला. पण शब्द गेला म्हणून नजर गेली असे नाही. सावळ्या मुलीच्या आईला पाहुणे येण्याआधीच्या रात्री झोप लागत नाही, हे या शहरातल्या असंख्य घरांतले वास्तव आहे. आणि ते इथे असावे याचे विशेष वाईट वाटते. इथून शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात, पहिल्या लेण्यात, पद्मपाणीच्या शेजारी काळ्या वर्णाची राजकन्या रंगवली आहे आणि तिच्या देखणेपणाबद्दल चित्रकाराच्या मनात तिळमात्र शंका नाही. पैठणहून दरवर्षी नाथांची पालखी ज्याच्या भेटीला निघते, त्या विठ्ठलाला वारकरी कौतुकाने सावळा म्हणतात. सावळा रंग सुंदर मानणारी नजर आपल्याकडे होती. रंगाची उतरंड आपण शिकलो आहोत, आणि शिकलेले विसरताही येते.

दुसरी प्रभावळ नोकरीची. मुलगा निर्व्यसनी, कष्टाळू, घरची बागायत, पण शेती करतो म्हणून मराठवाड्यातल्या गावोगावी तो बिनलग्नाचा राहतो. दुसरा पुण्यात ‘कंपनीत’ आहे एवढ्यावर त्याच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते; कंपनीत तो कायम आहे की कंत्राटी, हे विचारायचे राहूनच जाते. यात मुलींना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. दुष्काळ, कर्ज, हंड्यासाठीची वणवण आणि आत्महत्यांनी उघडी पडलेली घरे त्यांनी पाहिली आहेत. तो नकार अनुभवातून आलेला आहे. तरीही एका शब्दावरून अख्खा माणूस बाद करणे आणि एका शब्दावरून अख्खा माणूस पसंत करणे, या दोन्हींत नजरेची चूक एकच.

आता तिसरी गोष्ट, जी आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि जिची चर्चा सर्वांत कमी होते. आपण माणूस एकटा कधीच पाहत नाही. कोणाच्या तरी शेजारी ठेवून पाहतो. हे समजायला संभाजीनगरइतके चांगले शहर नाही.

बीबी का मकबरा घ्या. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ताजला तीन कोटींहून जास्त रुपये लागल्याचे सांगतात, इथला खर्च सात लाखांच्याही आत होता. संगमरवर खालच्या भागाला आणि घुमटाला, बाकी बहुतेक काम चुन्याच्या गिलाव्याचे. झाले, मकबऱ्याला ‘गरिबांचा ताज’ हे नाव कायमचे चिकटले. बाहेरगावचा पाहुणा दारातून आत शिरतो तोच ताजला मनात घेऊन, आणि इथे काय काय नाही हे मोजत फिरतो. कबरीभोवतीची अष्टकोनी संगमरवरी जाळी, दरवाजावरचे पितळी वेलबुट्टीचे काम, संध्याकाळी मागच्या डोंगररांगेपुढे उभा राहणारा तो पांढरा आकार, हे त्याला दिसतच नाही. मकबऱ्यात काहीच कमी झालेले नसते. शेजारी काय ठेवले, एवढ्यावर तो उणा ठरतो.

माणसांच्या बाबतीत हेच कसे घडते, हे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात दीड हजार वर्षांपूर्वी रंगवून ठेवले आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलेले हे लेणे. त्यात नंदाची कथा आहे. अश्वघोषाने ‘सौंदरनंद’ या संस्कृत काव्यात ती विस्ताराने सांगितली आहे. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ, आपल्या पत्नीवर, सुंदरीवर जीव ओवाळून टाकलेला. बुद्ध त्याला भिक्षू करतात, पण त्याचे मन घरीच राहते. मग ते त्याला हिमालयात नेतात, एक एकाक्ष वानरी दाखवतात आणि विचारतात, हिच्यात आणि सुंदरीत सुंदर कोण? नंदाला प्रश्नच विचित्र वाटतो. पुढे ते त्याला स्वर्गात नेऊन अप्सरा दाखवतात आणि तोच प्रश्न पुन्हा करतात. नंद उत्तरतो, सुंदरीपुढे जशी ती वानरी, तशी या अप्सरांपुढे सुंदरी.

कथेचा धार्मिक हेतू वेगळा आहे. नंदाला अप्सरांचा मोह पडतो, त्या मिळाव्यात म्हणून तो तप करतो, बुद्धांचा शिष्य आनंद त्याला त्याचा उणेपणा दाखवतो, आणि अखेर तो दोन्ही मोहांच्या पलीकडे जातो. पण आपल्या प्रश्नासाठी थांबायचे ते त्या उत्तरापाशी. कालपर्यंत जिच्यावाचून करमत नव्हते ती एका क्षणात उणी झाली. दरम्यान सुंदरी घरी होती. तिचा चेहरा तोच होता, तिची वाट पाहणेही तेच होते. बदलले होते ते नंदाच्या मनातले माप. आणि आज सोळाव्या लेण्यात पाहणाऱ्याची पावले थबकतात ती सुंदरीपाशी. नंद परत येणार नाही हे कळल्यावर मान टाकून कोसळलेली ती स्त्री, जिला लोक ‘मरणासन्न राजकुमारी’ म्हणून ओळखतात. एकोणिसाव्या शतकात ही चित्रे उतरवून घेणाऱ्या जॉन ग्रिफिथ्सने तिच्यातल्या करुणेची मुक्तकंठाने स्तुती केली. तुलनेत हरलेल्या माणसाचे दुःख कसे दिसते, याचे त्याहून खरे चित्र आमच्या पाहण्यात नाही.

अमेरिकेतल्या डग्लस केन्रिक आणि सारा गुटिएरेस यांनी १९८० मध्ये हीच गोष्ट वसतिगृहातल्या मुलांवर तपासली. देखण्या नट्यांची गाजलेली दूरचित्रवाणी मालिका पाहत बसलेल्या मुलांना एका साधारण दिसणाऱ्या मुलीचे छायाचित्र दाखवले. मालिका न पाहणाऱ्यांपेक्षा त्यांनी तिला कमी गुण दिले. आज ती मालिका आपल्या खिशात आहे आणि दिवसभर चालू आहे. रील्समधले चेहरे, उजळ केलेले फोटो, स्टुडिओत काढलेले बायोडाटाचे छायाचित्र. तासभर अप्सरा पाहून नंद रविवारी दुपारी मुलगी पाहायला जातो. मुलगी तरी वेगळे काय करते? तिच्याही फोनमध्ये गंधर्वच असतात. दोघे समोरासमोर बसतात आणि दोघांनाही ‘क्लिक’ होत नाही. दोष कोणात आहे याचा शोध मग एकमेकांच्या चेहऱ्यांत घेतला जातो.

यावर उपाय म्हणून सहवासाचे नाव घेतले जाते. त्यात बरेच बळ आहे. रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की नुसती वारंवार गाठ पडली तरी गोष्ट आवडू लागते. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये चार तरुणींना एका वर्गात वेगवेगळ्या वेळा बसवले. एक कधीच गेली नाही, बाकीच्या पाच, दहा, पंधरा वेळा गेल्या. कोणी कोणाशी बोलले नाही. तरी सत्राच्या शेवटी जी जास्त वेळा दिसली ती विद्यार्थ्यांना जास्त आवडली. औरंगपुऱ्यातल्या किंवा टीव्ही सेंटरच्या अभ्यासिकांत वर्षभर शेजारच्या टेबलावर बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना हे अभ्यासावाचून ठाऊक आहे. २०१५ मध्ये ल्यूसी हंट, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी १६७ जोडप्यांचा अभ्यास केला. ओळख होताच एकत्र आलेल्यांचे रूप एकमेकांशी बरेच जुळते होते. आधी दीर्घ ओळख असलेल्यांत रूपाची ही जोडी तितकी जुळत नव्हती. ओळख वाढली तसे प्रत्येकाला ते माणूस आपल्या डोळ्यांनी दिसू लागले. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या देखणेपणाची पकड ढिली झाली.

पण सहवासालाही देव मानू नये. सवयीने आवडू लागलेले माणूस चांगलेच असेल, असे कोणी सांगितले? रोज दिसणाऱ्या पोस्टरवरचा चेहराही ओळखीचा आणि म्हणून बरा वाटू लागतो. आधीच मनातून उतरलेला माणूस वारंवार भेटला तर अढी वाढतेही. प्रसंगही फसवतात. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन यांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या एका डुगडुगणाऱ्या झुलत्या पुलावर प्रयोग केला. भीतीने छाती धडधडत असताना भेटलेली तरुणी पुरुषांना अधिक मोहक वाटल्याचे त्यांना आढळले. आपल्या देवगिरी किल्ल्यातल्या अंधारी वाटेतून सहलीला गेलेल्या मुलामुलींनी बाहेर येईपर्यंत एकमेकांचा धरलेला हात कशाचा होता, भीतीचा की ओढीचा, हे त्याच दिवशी ठरवण्याची घाई करू नये.

ठरवलेल्या लग्नाचे समर्थक जयपूरमधल्या एका अभ्यासाचा दाखला देतात. उषा गुप्ता आणि पुष्पा सिंह यांनी १९८२ मध्ये पन्नास जोडप्यांची पाहणी केली. प्रेमविवाहात सुरुवातीचे प्रेम वर्षांगणिक ओसरलेले, तर ठरवलेल्या लग्नात वाढलेले दिसले. ऐकायला हे फार दिलासा देणारे आहे. पण पन्नास जोडपी म्हणजे मूठभर माणसे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या भारतीय विवाहितांच्या पाहणीत दोन्ही प्रकारच्या लग्नांत असा फरक आढळला नाही. तेव्हा ‘लग्न करा, प्रेम आपोआप होईल’ असे सांगत नाखूश मुलीला बोहल्यावर उभे करण्यासाठी त्या अभ्यासाचा आधार घेणे चूक आहे. कधीकधी प्रेम होते. कधीकधी माणूस नुसता सोसायला शिकतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

आणखी एक बाब पाहणाऱ्याच्या नव्हे, पाहिल्या जाणाऱ्याच्या बाजूने मांडायला हवी. मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये काही तरुणांना अनोळखी तरुणींशी फोनवर बोलायला लावले. काहींना देखण्या मुलीचा फोटो दिला, काहींना साध्या. फोटोचा आणि पलीकडच्या मुलीचा काहीही संबंध नव्हता. देखणी समजून जिच्याशी बोलणे झाले, ती मुलगी स्वतःच्या नकळत अधिक मोकळी, अधिक गोड बोलू लागली. म्हणजे आपली नजर समोरच्याला नुसते पाहत नाही, घडवतेही. दहा वेळा नाकारली गेलेली मुलगी अकराव्या वेळी चहाचा ट्रे घेऊन येते तेव्हा आखडून बसते, मान खाली घालते, प्रश्नांना एका शब्दात उत्तर देते. पाहुणे म्हणतात, मुलगी बुजरी आहे. तिला बुजरी केले ते आधीच्या दहा बैठकांनी. शेती करणाऱ्या मुलाचेही असेच होते.

मग ओढ खरी मानायची की खोटी? याचे उत्तर आम्हाला एका वेगळ्याच ठिकाणी सापडते. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर विभूतिपूजेवर बोलले. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. थोर माणसाचे मनापासून, अगदी भरभरून कौतुक करणे ही एक. त्याच्या पुढे स्वतःची बुद्धी गहाण टाकून तो म्हणेल ते करणे ही दुसरी. पहिलीत त्यांना काही गैर दिसले नाही. दुसरी त्यांनी घातक मानली. जवळपास सात वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेतल्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविषयी त्यांनी हाच इशारा दिला. आणि १९५० मध्ये याच शहरात त्यांनी जे महाविद्यालय उभारले त्याला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा भिक्षू नागसेनाला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. त्याचा आदर प्रश्नांतून वाढत गेला. महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरातून रोज जाणाऱ्या आपल्याला हे नाव सवयीचे झाले आहे, पण त्यात एक शिकवण आहे. मन ओढले गेले असेल तर प्रश्न विचारा. विचारल्याने खरी ओढ तुटत नाही.

बाबासाहेबांनी नेत्यांविषयी केलेला हा भेद पाहण्याच्या कार्यक्रमालाही लागू पडतो. ओढ वाटणे वेगळे, ओढीची आज्ञा पाळणे वेगळे. नंदाला सुंदरी आवडली यात चूक नव्हती. अप्सरा सुंदर वाटल्या यातही नाही. पाहिले त्या क्षणी त्याने निकाल दिला, ही चूक होती. तसेच वडीलधाऱ्यांनी मुलामुलींच्या नजरेला चूप बसवणे हाही निकालच आहे, फक्त दुसऱ्याच्या तोंडून दिलेला.

म्हणून आमचे म्हणणे असे. नावड तातडीने ऐकावी, पसंतीला मात्र थोडे थांबवावे. मुलगा किंवा मुलगी मनापासून ‘नको’ म्हणत असेल तर त्याला कारणाची सक्ती नसावी. विशेषतः मुलीच्या नकाराला घराने पाठबळ द्यावे. पण मन होकार देत असेल किंवा धड हो-नाही कळत नसेल, तर दुसरी भेट व्हावी, आणि ती वेगळ्या जागी, वेगळ्या प्रसंगी व्हावी. पहिली बैठकीत झाली असेल तर दुसरी रोजच्या धबडग्यात व्हावी: भाजी घेताना, आजारी आजीला भेटायला जाताना, मित्रांच्या घोळक्यात, बस चुकलेली असताना. माणसाचा स्वभाव तिथे सापडतो. बायोडाटासोबत स्टुडिओतला एकच फोटो पाठवण्याऐवजी घरातले, कामावरचे साधे दोन-तीन फोटो पाठवावेत. मेळाव्यांच्या आयोजकांनी मंचावरच्या मिनिटभराच्या परिचयाला जोडून खाली टेबलाशी बसून बोलण्याची वेळ ठेवावी. आणि प्रश्न दोन्हीकडून असावेत. मुलीने मुलाला विचारावे, घरातले पाणी कोण भरते, तुझा पगार कोणाच्या हाती जातो, तू शेवटचा कधी चुकलास आणि कबूल केलेस.

याला एक रास्त आक्षेप आहे, तो टाळून चालणार नाही. दोन-तीन भेटी होऊन नकार आला तर बोल मुलीलाच लागतो. लहान गावात “इतक्यांदा भेटले आणि मोडले” हे वाक्य तिच्या पुढच्या स्थळांपर्यंत पोहोचते. ही भीती खरी आहे. म्हणूनच दुसरी भेट ही खास बाब न राहता रीत व्हायला हवी. सगळेच दोनदा भेटू लागले की दोनदा भेटण्यात काही उरत नाही. पूर्वी मुला-मुलीने बैठकीत एकमेकांशी बोलणेही चालत नव्हते. आज गच्चीवरच्या पाच मिनिटांना कोणी नावे ठेवत नाही. रीत अशीच बदलते, चार घरांनी आधी केली म्हणून. ही सुरुवात मुलाकडच्यांनी करावी, कारण बोल त्यांना कमी लागतो. आणि मुलीकडे पाहण्याआधी आपल्या मनात शेजारी कोणाला उभे केले आहे, हे त्यांनी एकदा स्वतःला विचारावे.

अजिंठ्याच्या त्या भिंतीवरचा रंग जागोजागी उडाला आहे, तरी सुंदरीची झुकलेली मान दिसते. कोणाच्या तरी शेजारी ठेवून तिला एकदा मोजले गेले आणि ती हरली. येत्या रविवारी या शहरात कितीतरी मुली आणि कितीतरी मुलगे असेच कोणाच्या तरी नजरेसमोर बसतील. उठताना पाहुण्यांनी “घरी जाऊन कळवतो” याऐवजी “पुन्हा एकदा भेटून कळवतो” एवढेच म्हणावे.